मोत्याची मात्रा

“शिंपल्यात काय असते? माती,” तिने नेहमीच्याच स्वरात वाचलं आणि पान उलटलं. मी खिडकीशी बसून विड्याच्या पानाला चुना लावत होतो. बोट चुन्यातच राहिलं. खाली गिरगावच्या रस्त्यावरून ट्रामचे घोडे गेले, त्यांच्या टापा ऐकू येईनाशा झाल्या, तरी मी तसाच बसून होतो. चाळीस वर्षं ती हे वाक्य असंच वाचत आली आहे, मग त्यात दचकण्यासारखं काय, असं कोणी विचारील. पण तिच्या मांडीवर होतं ते पुस्तक जुनं नव्हतं. जुन्याला कसर लागून पानांची चाळण झाली होती, म्हणून ‘बांधून आणतो’ असं सांगून मी ते छापखान्यात नेलं आणि त्याच पुस्तकाच्या नव्या आवृत्तीची प्रत घेऊन आलो. तिला सांगितलं नाही. बाराव्या पानाशी आली की ती आपोआप थांबेल, डोळे वर करून माझ्याकडे बघेल, तो चेहरा मला पाहायचा होता. कारण नव्या आवृत्तीत बाराव्या पानावर ‘मोती’ छापलेलं आहे, काना आणि मात्रा दोन्हींसकट, ठसठशीत. ती थांबली नाही. ‘माती’ म्हणाली आणि पुढे गेली. पुढचंही सगळं बरोबर वाचलं, जिथे पान संपतं तिथेच पान उलटलं, आणि शेवटी पुस्तक मिटून कापडात गुंडाळताना म्हणाली, “चुना जास्त होईल हं. लक्ष कुठे आहे?”

बोलायच्या वेळी न बोलणं हा माझा जुना दोष आहे. छापखान्यात चाळीस वर्षं काढली, पहिली चार वर्षं अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवण्यात आणि बाकीची प्रुफं तपासण्यात, आणि दोन्ही कामं न बोलता करण्याचीच. तो विडा मी खाल्ला की नाही तेही आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की त्यानंतर मी तिच्याकडे चोरासारखा पाहू लागलो. ती चुलीपाशी जाते तेव्हा भिंतीला करंगळी लावून जाते. तांदूळ निवडताना मान खाली नसते, समोर असते. तुळशीला पाणी घालताना आधी कुंडीचा काठ चाचपते. हे सगळं ती माझ्या डोळ्यांदेखत करत होती, आणि ज्याने जन्मभर दुसऱ्यांच्या चुका शोधून पोट भरलं त्या मला यातलं काही दिसलं नव्हतं. शेवटी दिसलं तेही छापील अक्षरावरूनच.

त्या मात्रेची गोष्ट सांगायला हवी. अठराशे पंचावन्न सालची गोष्ट. मी बावीस वर्षांचा, नुकताच खिळ्यांवरून प्रुफांवर आलेला, आणि मुलींच्या पहिल्या वाचनाचं हे चोवीस पानांचं पुस्तक हे माझं पहिलं काम. प्रुफावर ‘मोती’ होतं की ‘माती’, हे मला आज शपथेवर सांगता येणार नाही. छापता छापता खिळ्यावरची मात्रा मोडते, तशी मोडली असेल, असं मालक म्हणाले. तसंच असेल. पण माझ्या नजरेखालून तो शब्द मात्रेवाचूनच गेला असेल, असंही असेल. त्याच वर्षी माझं लग्न झालं. ती बारा वर्षांची, प्रभादेवीची, तिथल्या वैद्यांची मुलगी. दुपारी माझी आई डोळा लागून पडली की मी तिला या पुस्तकावरून अक्षरं शिकवायचो, दार लोटून आणि आवाज चोरून. बाराव्या पानावर तिने बोट ठेवून वाचलं, “माती.” मी म्हटलं, “मोती. छापायला चुकलंय.” ती म्हणाली, “चुकलं कसं? आम्ही खाडीवरून पाट्या भरभरून शिंपले आणतो, सगळ्यांत मातीच निघते. मोती कुणी पाहिलाय?” मी लाजून गप्प बसलो, कारण चूक माझी होती हे तिला सांगितलं नव्हतं. पुढे सांगितलं. तेव्हा ती इतकी हसली की तोंडात पदर कोंबावा लागला. मग तो आमच्यातला खेळच झाला. आई गेली, आमचं एक मूल होऊन गेलं, बिऱ्हाड दोनदा बदललं, पण अधूनमधून दुपारी ती ते पुस्तक काढायची आणि बाराव्या पानावर मला ऐकवून ‘माती’ म्हणायची. ती हसायची, मीही हसायचो. पण माझ्या हसण्याच्या तळाशी थोडं खुपत असे. एवढी एक मात्रा मला परत मिळाली तर, असं वाटत असे.

मी तिला जे. जे. हॉस्पिटलात नेलं ते डोकं दुखतं या निमित्ताने. ती चटकन कबूल झाली, तेव्हाच दुखणं किती पुढे गेलंय ते मला समजायला हवं होतं. डॉक्टरांनी तिला बाहेर बसवून मला सांगितलं, मोतीबिंदू असता तर काढला असता. हा काचबिंदू. उजवा डोळा गेलाच आहे, डाव्याला उजेड-अंधार कळतो, तेवढाही फार दिवस कळणार नाही. परत येताना ट्राममध्ये ती म्हणाली, “काय म्हणाले?” मी म्हटलं, “पित्त आहे म्हणाले.” ती म्हणाली, “तेच मला वाटलं.” आम्ही दोघं एकाच बाकावर बसून एकमेकांना असं सांभाळून घेत होतो, आणि मधे पुढच्या बाकावरच्या बाईची फणसाची पिशवी होती.

त्या आठवड्यात ती पुस्तकाला हात लावीना. “सवड कुठे मिळते,” म्हणायची. मी एकदा म्हटलं, “मी वाचून दाखवू?” आणि एक मासिक घेऊन बसलो. दोन ओळी झाल्या नाहीत तो ती हसू दाबू लागली. छापखान्यात प्रूफ पडताळताना विरामचिन्हंसुद्धा मोठ्याने म्हणावी लागतात. ती सवय माझ्या जिभेला कायमची लागली आहे. “राजा म्हणाला स्वल्पविराम हे प्रधाना स्वल्पविराम,” असं ऐकून कोणाला गोष्ट कळणार? ती म्हणाली, “राहू द्या. तुमच्या राजाला ठेचा फार लागतात.” मासिक मी मिटलं. तेव्हा तिच्या चेहऱ्यावरचं हसू उतरताना पाहिलं. आपल्याला कोणी पाहत नाही असं वाटणाऱ्या माणसाचा चेहरा होता तो. मग मला उमगलं की तिला गोष्ट ऐकायची नाहीच. ती बारा वर्षांची असताना घरातल्या कोणालाही न कळता तिने जी एक वस्तू मिळवली, ती तिच्या हातून जात होती, आणि ती मुकाट्याने जाऊ देत होती.

लाखेची कल्पना मला टपालाच्या मोहरेवरून सुचली. छापखान्यातून एक पाकीट आलं होतं, त्यावरच्या लाल लाखेवर नाव उठलेलं होतं. मी ते पुसल्यासारखं बोट फिरवलं आणि बोटाला ‘ग’ लागला. मी डोळे मिटून पुन्हा फिरवलं. ‘ग’च होता. मग मी शंखजिऱ्याच्या मऊ दगडाची पाटीएवढी फरशी आणली आणि तिच्यात दाभणाने अक्षरं कोरायला घेतली, पेराएवढी मोठी, खोल, आणि उलटी. साच्यात उलटं कोरलं तरच बाहेर सुलटं निघतं. उलटं लिहिणं हीच काय ती विद्या मला खिळ्यांनी दिली होती आणि जन्मभर तिचा कोणाला उपयोग झाला नव्हता. कोणतं वाक्य कोरायचं याचा मी विचारही केला नाही. हात बाराव्या पानाकडेच गेला. तेल लावून, वितळलेली लाख ओतून, निवल्यावर मी ती उपटली. अक्षरं उठली, चकचकीत, तपकिरी. ‘मो’वरची मात्रा मात्र साच्यातच राहिली. पुन्हा ओतली. पुन्हा मात्रा मोडली. तिसऱ्या खेपेला मात्रा निघाली, पण मी नखाने जरा टिचकी मारली तर टिक असा आवाज करून उडाली आणि जमिनीच्या फळ्यांमधल्या भेगेत गेली. चौथ्या खेपेनंतर मी सज्ज्यातल्या शेगडीसमोर बराच वेळ नुसता बसलो. मला भलतीच शंका येऊ लागली. आपण हे तिच्यासाठी करतो आहोत, की जुनं प्रूफ दुरुस्त करून घेतो आहोत? तिच्या आंधळेपणाचंही मी निमित्त करत असेन तर? या प्रश्नाचं उत्तर मला आजही नीट देता येत नाही.

कुशाबा लालबागेत रस्त्याच्या कडेला बसतो. माझगावच्या कोळणी आपले सुरे-कोयते लाखेने मुठी बसवायला त्याच्याकडेच आणतात. आमची विळी एकदा त्यानेच नीट केली होती. मी भायखळ्यापर्यंत ट्रामने आणि पुढे चालत गेलो, आणि रुमालात बांधलेले तुकडे त्याच्यासमोर ठेवले. त्याने एक तुकडा उचलून वास घेतला.

“नुसती लाख व्हय, तात्या?”

“अगदी शुद्ध. भुलेश्वरातून निवडून आणली.”

“म्हनूनच फुटली,” तो म्हणाला. “नुसती लाख म्हंजी काच. तडा सुटला की ह्या टोकापासून त्या टोकापत्तुर पळतो, कुनी आडवाया नगं? म्या हिच्यात विटंची पूड घालतो. तडा पळाया लागला की म्होरं कण. तितं अडखाळला की पुन्ना म्होरं कण. दमून बसतो मग.”

“पण ती भेसळ नाही का?” मी विचारलं. माझा स्वर फार सोवळा झाला असावा, कारण शेजारी आपल्या सुऱ्याची वाट बघत बसलेली कोळीण खो खो हसली.

“भेसळ फशिवन्यासाटी करत्यात,” कुशाबा म्हणाला. “ही भर. ह्या बाईच्या हातात सुरा धा वर्सं टिकतो तो लाखंवर न्हाई टिकत, मातीवर टिकतो.”

“माती,” मी म्हटलं.

“माती नाय तं काय मोती घालल तो?” कोळीण म्हणाली.

मी तिच्याकडे पाहत राहिलो. तिला काय माहीत. तिच्या मांडीवरच्या पाटीत शिंपल्यांचाच वाटा होता.

कुशाबाने दिलेली विटेची पूड घालून मी घरी लाख ओतली. लाखेची फळी आता जड आणि दणकट झाली, जमिनीवर पडली तरी फुटली नाही. पण मात्रा मोडलीच. प्रुफांच्या भिंगाखाली ती मोडलेली जागा धरली तेव्हा कळलं. मात्रा जिथे बारीक होत जाते तिथे विटेचा एक कण होता, तिच्याच जाडीचा. सुऱ्याच्या मुठीत जो कण राखणदार, तोच या नाजूक जागी घरभेदी झाला होता. कण हवा होता, पण असा की तो आहे हे अक्षरालाही कळू नये. साचा कोरताना शंखजिऱ्याची पूड पडली होती ती मी एका पुडीत जपून ठेवली होती. ती बोटांत चोळून पाहिली. मऊ होती, पण माझ्या मऊला काही अर्थ नाही. माझी बोटं शाईने निबर झालेली. पूड कशाला म्हणावं हे आमच्या घरात एकाच माणसाला माहीत होतं.

“दंतमंजन करायचंय,” मी तिला सांगितलं. “शंखजिरे आहे. तुझ्या वडिलांच्या खलात होईल का?”

“किती बारीक हवंय?”

“तुझे वडील भस्म करायचे तितकं.”

“दातांना?” ती म्हणाली. मग थोडा वेळ माझ्या दिशेने पाहत राहिली, म्हणजे मी जिथे होतो त्याच्या किंचित डावीकडे, आणि उठून खल घेऊन आली. सहा दिवस ती दुपारी ते घोटत होती. घोटायचं, तलम वस्त्राने गाळायचं, पाण्यात कालवून जड ते खाली बसू द्यायचं, वरचं गढूळ पाणी निराळं काढून निवळायचं, वाळवायचं, पुन्हा घोटायचं. लहानपणी वडिलांबरोबर ती हेच करत असे. ते सांगायचे, पुडीला कोणी घाई केली तर ती रुसते आणि कण ठेवते. खलाचा आवाज पहिल्या दिवशी खरखर होता, मग सर्सर, आणि सहाव्या दिवशी बत्ता फिरताना दिसायचा पण ऐकू यायचा नाही. मला ऐकू येईना. ती मात्र कान देऊन बसायची आणि म्हणायची, “अजून आहे.” तिच्या खांद्याला इतक्या दिवसांनी काम मिळालं होतं. तिने त्या सहा दिवसांत भिंतीला करंगळी लावली नाही, किंवा लावली असेल तर मी पाहिली नाही.

सहाव्या दिवशी तिने वाटीभर पाण्यावर चिमूट सोडली. पूड बुडाली नाही, सायीसारखी वर राहिली. मग तिने आंगठा आणि तर्जनी यांत थोडी घेऊन चोळली. ही शेवटची परीक्षा. पूड बोटांच्या रेषांत शिरली पाहिजे, रेषा भरल्या पाहिजेत. वैद्य आंगठा उजेडाकडे धरून पाहतात. तिनेही आंगठा खिडकीकडे धरला. आणि तसाच धरून राहिली. खाली कोणीतरी कल्हईवाल्याला हाक मारत होतं. मग तिने हात फिरवून आंगठा माझ्यासमोर केला.

“तुम्हीच बघा,” ती म्हणाली. “रेषा भरल्यात का?”

मी तो आंगठा हातात घेतला. प्रत्येक रेषेत पांढरं भरलं होतं, इतकं बारीक की रेषा जणू कोणी छापली आहे. चाळीस वर्षांत मी तिचा आंगठा असा पाहिला नव्हता. “भरल्यात,” मी म्हटलं. तिने हात सोडवून घेतला नाही.

“कधीपासून?” मी विचारलं.

“गौरी आल्या तेव्हापासून. त्यांचं तोंड दिसलं नाही मला.” थोडं थांबून, “आणि तुम्हाला कधीपासून माहीत आहे?”

“तीन आठवडे झाले.”

“पित्त म्हणे,” ती म्हणाली, आणि हसली की काय कळलं नाही, कारण तिने मान वळवली होती. “कशावरून कळलं?”

“असंच,” मी म्हटलं. बोलायच्या वेळी न बोलण्याचा दोष. पण या वेळी तो दोष होता की नाही, मला खात्री नाही. पुस्तक बदललं हे सांगितलं असतं तर तिचं चाळीस वर्षांचं वाचन आणि त्या दुपारचं पाठांतर यांत मी रेघ ओढल्यासारखं झालं असतं.

निम्मी लाख आणि निम्मी पूड. पळीत कालवताना ती कणकेसारखी जड झाली, लाखेची चमक गेली, रंग दुधाळ तपकिरी झाला. मी ती साच्यात दाबली आणि निवेपर्यंत मागे हात बांधून उभा राहिलो, परीक्षेच्या पोरासारखा. फरशी उलटी करून ठोकली. अख्खं वाक्य बाहेर आलं. ‘मो’वरची मात्रा जागेवर होती. मी भिंगाखाली पाहिलं, कण कुठे दिसेना. टिचकी मारली, मात्रा हलली नाही. तिचे वडील मोत्याची मात्रा उगाळून रोग्यांना देत, तिची मला आठवण झाली. ती कोणाला लागू पडत असे आणि कोणाला नाही, हेही आठवलं, आणि मी घाबरलो.

दुपारी ती पुस्तक असायचं त्या जागी बसली होती, रिकाम्या हातांनी. मी फळी तिच्या मांडीवर ठेवली.

“हे काय? पोळपाट?”

“बोट फिरव.”

तिने तळहात ठेवला आणि एकदम उचलला. मग तर्जनी पुढे केली. बारा वर्षांची असताना जी ओळीवर ठेवायची तीच. “दंतमंजनाला लाखेचा वास येत होता तेव्हाच मला वाटलं होतं,” ती पुटपुटली, पण लक्ष बोटात होतं. “ही काठी. वर वेलांटी... शि. वर काय टोचलं? टिंब. शिं.” ती प्रत्येक अक्षराला प्रदक्षिणा घालत होती. ‘ल्या’पाशी फार वेळ अडली, दोनदा मागे गेली, कपाळावर घाम आला. मी मदत करायला तोंड उघडलं तर म्हणाली, “सांगू नका हं.” खालच्या मजल्यावरचं पोर रडायचं थांबलं. “काय... असते... हा आकडा कसला?”

“प्रश्नचिन्ह.”

“तेही कोरलंत? तुम्ही ना.” आणि बोट पुढे सरकलं. आता तिला सगळं कळलं होतं, पुढचं वाचायची गरज नव्हती, हसू आधीच ओठांवर आलं होतं. बोट ‘म’वर चढलं, काना उतरलं, परत वर गेलं. हसू थांबलं. बोट मात्रेवर राहिलं. तिने ती खालून वर चाचपली, वरून खाली चाचपली.

“मोती,” ती म्हणाली.

“हो.”

“पण आपल्या पुस्तकात माती आहे.”

मला आता बोलावंच लागलं. “ते पुस्तक कसरीने गेलं. मी नवी आवृत्ती आणली. तीत दुरुस्त केलंय.”

तिचं बोट मात्रेवरच. “म्हणजे त्या दिवशी तुम्ही चुना लावत होता तेव्हा समोर मोती छापलेलं होतं, आणि मी...” तिने वाक्य सोडून दिलं. मला वाटलं, झालं, आपण तिला दुखवलं, याही खेपेस प्रूफ चुकलं. मग तिने पदराने डोळे पुसले आणि पुसता पुसता तिचे खांदे हलू लागले. चाळीस वर्षांपूर्वी तोंडात पदर कोंबला होता, तसंच हसत होती. “एवढ्यावरून कळलं तुम्हाला? आंधळी झाले ते नाही कळलं, मात्रा चुकली ते कळलं?”

“तेवढंच येतं मला,” मी म्हटलं.

“इकडे या.” मी तिच्या शेजारी बसलो. तिने माझा हात ओढून बोट मात्रेवर ठेवलं. “ही काढून टाका. मला माझी माती हवी. उरलेली तेवीस पानं सुटली तरी चालतील, पण बारावं पान मी असलं वाचायची नाही.”

मी नख लावलं. मात्रा मोडेना. आंगठ्याने रेटली, मोडेना. सहा दिवस तिने घोटलेली पूड आत कुठेतरी बसून होती, न दिसता, आणि मी जिकडून तडा पाठवायचा त्या वाटेवर आधीच हजर होती. अडकित्ता आणून त्याच्या टोकाने दाबली. अडकित्ता निसटून माझं बोट चेपलं. मी हाय केलं. तिने चाचपत माझं बोट शोधून तोंडाशी धरलं आणि फुंकर घातली.

“राहू द्या,” ती म्हणाली. “तुमची मात्रा आता काही जात नाही.” मग फळी पुन्हा मांडीवर ओढून घेतली, बोट पहिल्या काठीवर ठेवलं, आणि वाक्य सुरुवातीपासून, आता जरा वेगाने, वाचत गेली. शेवटच्या शब्दाशी आल्यावर मात्रेवरून बोट सावकाश फिरवलं, माझ्या दिशेने, अगदी नेमक्या माझ्या दिशेने तोंड केलं, आणि मला ऐकवून म्हणाली, “माती.”